उंट आणि लांडगा यांचे नाते किती जवळचे?

प्रश्न : उंट आणि लांडगा हे दोघेही अंगावर केस असलेले व पिल्लांना दूध पाजणारे चतुष्पाद प्राणी आहेत. मग त्यांचे नाते जवळचे मानावे का? लांडगे उंटाची शिकार करतात का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : दोघेही सस्तन आहेत, एवढ्यावरून नाते जवळचे ठरत नाही. उंट समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येत बोटे असलेल्या, प्राण्यांच्या गणात मोडतो, तर लांडगा मांसभक्षक गणात, आणि या दोन शाखांचा समाईक पूर्वज सहा कोटी वर्षांहून जुना आहे. देवमाशांचे पूर्वज समखुरी प्राण्यांतूनच निघाले, त्यामुळे उंटाला लांडग्यापेक्षा देवमासा जवळचा, आणि लांडग्याला उंटापेक्षा अस्वल व सील जवळचे. पायांची संख्या पाहून नाते ठरवण्याची सवय येथे साफ फसते.

सस्तनपणाची खूण पाहायची असेल, तर दोघांची मान पाहावी. उंटाची मान एवढी लांब, तरी तिच्यात मणके सातच असतात. लांडग्याच्या आखूड मानेतही सातच. उंटाचे मणके संख्येने वाढले नाहीत, ते फक्त लांब झाले. रक्ताच्या बाबतीत मात्र उंट वेगळा पडतो. लांडग्याच्या तांबड्या पेशी आपल्यासारख्याच गोल असतात, तर उंटाच्या अंडाकृती. तहानलेला उंट थोड्या मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो, तेव्हा रक्त एकाएकी पातळ होते. पण या पेशी फुगून दुपटीहून मोठ्या झाल्या तरी फुटत नाहीत. मदारीत पाणी साठवलेले असते हा समज चुकीचा आहे, तिच्यात चरबी असते.

खरा फरक आहाराने घडवला आहे. लांडग्याच्या वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातील पहिली दाढ कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींवरून सरकतात व मांस कापतात. त्याचा जबडा मुख्यतः वर-खाली हलतो. उंट बाभळीचा काटेरी पाला जबडा आडवा फिरवत चघळतो आणि नंतर रवंथ करतो. तरीही तो गाय-म्हशींसारखा खरा रवंथी नव्हे, कारण त्याच्या जठराचे कप्पे चार नसून तीन असतात. शिवाय गाईच्या वरच्या जबड्यात सुळे नसतात, उंटाच्या जबड्यात ते असतात, आणि माजावर आलेले नर भांडताना ते वापरतात. शाकाहारी म्हणून उंटाच्या तोंडाजवळ हात नेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पिल्लांच्या बाबतीतही दोघांची रीत निराळी आहे. सांडणी सुमारे 13 महिने गाभण राहून बहुधा एकच पिल्लू देते, आणि ते काही तासांतच चालू लागते, कारण उघड्या माळावर लपायला जागा नसते. लांडगी सुमारे 63 दिवसांत चार-सहा पिल्ले देते. ती आंधळी जन्मतात आणि बिळात वाढतात, त्यांना भरवण्याचे काम टोळीतील इतर लांडगेही करतात.

दोन्ही कुळांचा उगम मात्र एकाच खंडात, उत्तर अमेरिकेत, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास झाला. दोन्ही कुळांतील प्राणी पुढे बेरिंगच्या भूपट्टीवरून, म्हणजे अलास्का व सायबेरिया यांना पूर्वी जोडणाऱ्या जमिनीवरून, आशियात आले. उंट आपल्या मूळ खंडातून हिमयुगाच्या अखेरीस नाहीसे झाले. करडा लांडगा मात्र युरेशियात घडला आणि त्याच वाटेने अमेरिकेत परतला.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानांवर लांडग्याची गाठ पडते ती मुख्यतः धनगरांच्या शेळ्या-मेंढ्यांशी. उंटाशी त्याचा संबंध फारसा येत नाही. मंगोलिया व चीनच्या गोबी वाळवंटात चित्र वेगळे आहे. तेथे दोन मदारींचे रानटी उंट आजही आढळतात, लांडगे त्यांची शिकार करतात आणि पिल्लांना विशेष धोका असतो. एक हजाराच्या आसपासच संख्या उरलेल्या या उंटांची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते, त्यामुळे तेथे एकेका पिल्लाच्या मृत्यूलाही महत्त्व आहे.