कॅव्हॅनसाइटला ‘निळी गारगोटी’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीत सापडणाऱ्या गडद निळ्या खनिजाला कुणी ‘निळी गारगोटी’ म्हणतो, कुणी ‘निळा झिओलाइट’. मराठीत लिहिताना यातले कोणते नाव घ्यावे?

दोन्ही नकोत. ‘कॅव्हॅनसाइट’ हेच लिहावे.

गारगोटी म्हणजे सिलिकेचा दगड, क्वार्ट्झच्या कुळातला. तिचे काठिण्य 1 ते 10 च्या मोजपट्टीवर 7, त्यामुळे तिने काचेवर ओरखडा उठतो. कॅव्हॅनसाइटचे काठिण्य 3 ते 4 आहे. चाकूच्या टोकाने ते सहज ओरखडते आणि काचेचे काही बिघडवू शकत नाही. बोलीत पांढऱ्या, चकाकणाऱ्या कुठल्याही दगडाला गारगोटी म्हणतात आणि सिन्नरच्या खनिज संग्रहालयाचे नावही तेच आहे. तो ऐसपैस अर्थ बोलण्यापुरता ठीक आहे, ओळख पटवताना नाही.

झिओलाइट म्हणजे सांगाड्यात पाणी सामावणाऱ्या खनिजांचा गट. त्याची गफलत जास्त खोल आहे, कारण झिओलाइट आणि कॅव्हॅनसाइट एकाच पोकळीत नांदतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र झाला. विहीर खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्या पोकळ्यांतून आणि भेगांतून खनिजे विरघळलेले गरम पाणी फिरले. सहसा आधी ह्यूलँडाइट आणि स्टिलबाइट हे झिओलाइट जमले, नंतर त्यांच्यावर कॅव्हॅनसाइट. म्हणून पांढऱ्या किंवा पिवळसर गुलाबी स्टिलबाइटवर निळा काटेरी गोळा बसलेला दिसतो. पण झिओलाइटच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम असते. कॅव्हॅनसाइटमध्ये ते मुळीच नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी एवढेच घटक. निळा रंग व्हॅनेडियमचा.

नाव याच घटकांवरून घडले आहे: कॅल्शियमचा ‘कॅ’, व्हॅनेडियमचा ‘व्हॅन’, सिलिकॉनचा ‘सि’ आणि खनिजांना लागणारा ‘आइट’ हा प्रत्यय. म्हणून ‘व्ह’वरचा ॲकार ठेवलेला बरा. ‘ग्रॅफाइट’प्रमाणे ‘इ’ ह्रस्व. नाव ठेवले गेले ते अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलेल्या नमुन्यांवरून. वाघोलीचे स्फटिक मात्र जगभरच्या संग्राहकांना अधिक परिचित आहेत.

याचे जुळे भावंड म्हणजे पेंटागोनाइट. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी. रंगावरून दोघांत फरक करू नये, तिथेच बहुतेक जण फसतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन आकार पाहावा: कॅव्हॅनसाइट बहुधा गच्च गोळ्यांच्या किंवा फुलासारख्या गुच्छांच्या रूपात असते, पेंटागोनाइटचे स्फटिक सुटे, भाल्यासारखे लांबट. पाच स्फटिक जुळून आडव्या छेदात चांदणी दिसली, तर ते पेंटागोनाइट. नाव त्यावरूनच पडले. ते कॅव्हॅनसाइटहूनही दुर्मीळ आहे.

ॲझुराइट या तांब्याच्या निळ्या खनिजाशीही गल्लत होते. सुटा कण मिळाला तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा: ॲझुराइट फसफसते, कॅव्हॅनसाइट नाही. अख्ख्या नमुन्यावर ही परीक्षा करू नये. शेजारचे कॅल्साइट फसफसून चुकीचा निष्कर्ष निघतो आणि स्टिलबाइट खराब होते ते वेगळेच. विशिष्ट गुरुत्वही (पाण्याच्या किती पट जड ते) सुट्या कणाचेच पाहावे: कॅव्हॅनसाइट सुमारे 2.3, ॲझुराइट 3.8. दगडासकट तोलले तर आकडा दगडाचा येतो.

विकत घेताना गोळ्याचे बूड तपासावे. हे गोळे ठिसूळ असतात, निसटतात आणि पुन्हा चिकटवले जातात. बुडाशी चकचकीत कड किंवा हवेचा बुडबुडा दिसला तर तो गोंद. काही गोंद अतिनील दिव्याखाली उजळतात.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘स्टिलबाइटवर कॅव्हॅनसाइट, वाघोली, जि. पुणे’ असे लिहावे. गोळा चिकटवलेला असेल तर तेही.