तास बघून झाल्यावर बोलायचं काय?

मागच्या वेळी या सदरात मी शिक्षकांना विचारलं होतं की तुमचा तास बघायला वर्गात शेवटचं कोण येऊन बसलं आणि त्यानंतर तुमच्यात बोलणं काय झालं. उत्तरं भरपूर आली आणि वाचताना खूपदा वाईट वाटलं, कारण बहुतेकांनी लिहिलंय ते एकच, आले, बसले, शेरा लिहिला, गेले. बोलणं झालंच नाही. म्हणून आजचे प्रश्न मुद्दाम त्यातूनच निवडलेत.

प्रश्न: ताई, मला नोकरीला लागून दुसरंच वर्ष आहे. मुख्याध्यापक मागे येऊन बसले की माझी बोबडी वळते, आणि नंतर सांगतात काय तर आवाज वाढवा, फळ्यावरचं अक्षर सुधारा, मुलांना जास्त सहभागी करून घ्या. यातून मी शिकायचं काय?

यातून फार काही शिकता येत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. 'मुलांना सहभागी करून घ्या' हे कुठल्याही वर्गाला कुठल्याही दिवशी लागू पडतं, ते सांगायला वर्गात येऊन बसायची गरजच नव्हती. तुम्हाला हवंय ते असं काहीतरी, जे फक्त त्या दिवशी त्या वर्गात बसलेल्या माणसालाच दिसलं असेल.

त्यामुळे पुढच्या वेळी तुम्हीच आधी जा. पाच मिनिटं मागून घ्या आणि सांगा, सर, आज मी गटात काम देणार आहे, खिडकीकडच्या गटात चौघं आहेत, त्यात कोण बोलतं आणि कोण नुसतं दुसऱ्याचं बघून वहीत उतरवतं तेवढं बघाल का? यानं होतं काय की बघणाऱ्याची नजर तुमच्यावरून उठून मुलांवर जाते आणि तुमच्या छातीतली धडधड निम्मी कमी होते. शिवाय ते चौघं काय करतात हे तुम्हाला एकटीला कधीच दिसणार नसतं, तुम्ही तेव्हा दुसऱ्या गटापाशी वाकलेल्या असता. सर नाही म्हणाले तर शेजारच्या वर्गाच्या बाईंना विचारा. पूर्ण पिरियड नको, दहा मिनिटं पुरतात.

प्रश्न: मला यंदा चार नवीन शिक्षकांची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, केलंय. तास बघून बोलायला बसलो की मी 'छान झाला तास' म्हणते आणि गाडी तिथेच अडते. चुका सांगितल्या तर समोरच्याचा चेहरा उतरतो, नाही सांगितल्या तर माझं मन मला खातं. काय करू?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

एका वर्गात मी मागच्या बाकावर बसले होते, दशांश अपूर्णांक चालू होते. बाईंनी फळ्यावर लिहिलं 3.5 आणि 3.45, मोठी संख्या कोणती? हात वर झाले, उत्तर आलं 3.5, बाई म्हणाल्या शाब्बास, आणि पुढचं गणित. तास चांगलाच चालला होता, मुलं खूश, बाई खूश. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी होती, तिनेही 3.5 लाच गोल केला होता. मग वहीत पुढची जोडी आली, 3.1 आणि 3.25, तिने गोल केला 3.1 ला. मी हळूच विचारलं, का गं? ती म्हणाली, दशांश शतांशापेक्षा मोठे असतात ना, म्हणून पॉइंटनंतर एकच आकडा असेल ती मोठी. तिच्या शेजारच्या मुलाचं बरोब्बर उलटं. त्याला पहिल्या जोडीत 3.45 मोठी वाटली, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा जास्त, आणि दुसऱ्या जोडीत त्याच हिशेबाने त्याचं उत्तर बरोबर आलं, पंचवीस एकापेक्षा जास्त म्हणून 3.25. म्हणजे दोघांचंही एकेक बरोबर, एकेक चूक, मार्क सारखे, आणि स्थानिक किंमत दोघांनाही कळलेली नाही.

तास संपल्यावर मी त्या दोन वह्या बाईंसमोर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, ह्या दोघांनी काय विचार केला असेल? बस्, एवढंच. आधी त्या म्हणाल्या, निष्काळजीपणा, दुसरं काय. मी गप्प राहिले. त्यांनी वह्या जवळ ओढल्या, पुन्हा बघितलं, बोट ठेवून ठेवून, आणि मग एकदम म्हणाल्या, अहो म्हणजे हिचं पहिलं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर आलंय! त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही, दोघांचीही गफलत एकाच वेळी उघडी पडेल अशी जोडी कोणती हे त्या स्वतःच शोधायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं 3.5 आणि 3.50. मुलगी म्हणते 3.5 मोठी, मुलगा म्हणतो 3.50 मोठी, आणि आता वर्गात खरी चर्चा.

मी 'तुम्ही शाब्बास म्हणून फार लवकर पुढे गेलात' असं सांगितलं असतं तर ते खरंच होतं, पण बोलणं तिथेच संपलं असतं आणि त्यांना ती जोडी सुचली नसती. आमच्यामध्ये वह्या होत्या म्हणून त्या स्वतःचा बचाव करत बसल्या नाहीत. चेहरा उतरतो तो माणसावर शेरा मारला की, वहीवर बोललं तर कोणाचा उतरत नाही.

तुमच्या हातात जो कागद असतो ना, त्यावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. 'मुलं कंटाळली होती' हे उजवीकडचं. 'मागच्या तीन मुलांनी दहा मिनिटांत वही उघडली नाही' हे डावीकडचं. बोलताना सुरुवात नेहमी डावीकडून करा. आणि 'असं का केलंत?' हे वाक्य शक्यतो टाळा, आपल्याकडून कितीही प्रेमाने निघालं तरी ऐकणाऱ्याला ते जाब विचारल्यासारखं लागतं. त्यापेक्षा 'तिथे तुम्ही थांबलात तेव्हा मनात काय चाललं होतं?' असं विचारून बघा. एका बैठकीत मुद्दा एकच. चार मुद्दे सांगितले तर माणूस घरी जाऊन चारही विसरतो.

पण एक सांगते, मेंटॉरने फक्त प्रश्नच विचारायचे, उत्तर कधी द्यायचंच नाही, हे जे हल्ली सांगतात ते मला पटत नाही. नवीन माणसाला एखादी गोष्ट माहीतच नसेल तर त्याच्याकडून ती ओढून काढण्यात काय हशील? सरळ सांगा, करून दाखवा, आणि मग त्याला तुमच्यासमोर करू द्या.

प्रश्न: मी प्रश्न विचारतो आणि वर्ग चिडीचूप. दोन-तीन ठरलेली मुलं सोडली तर कोणी तोंडच उघडत नाही. मुलांना येत नाही की मीच चुकतोय?

एक छोटी गोष्ट करा. पुढचा एखादा पिरियड मोबाईलवर रेकॉर्ड करा, फक्त आवाज, आणि तो फक्त तुम्हीच ऐकायचा. प्रश्न संपल्यापासून तुम्ही पुन्हा बोलेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. 1970 च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची अशी रेकॉर्डिंग्ज ऐकली तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात असं दिसलं. आणि तेच थांबणं 3 सेकंद किंवा जास्त केलं तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलायला लागली आणि मुलंच उलट प्रश्न विचारायला लागली. 3 सेकंद वाचायला काहीच नाही, पण वर्गासमोर उभं राहून ते फार लांब वाटतात, मनात सावकाश मोजल्याशिवाय जमत नाही.

यातला दुसरा भाग बहुतेक जण विसरतात, उत्तर आल्यावरही थांबायचं असतं. मूल बोललं की आपण लगेच 'बरोबर' किंवा 'अजून कोण?' म्हणतो, आणि त्याच्या तोंडात असलेलं पुढचं वाक्य तसंच राहतं. अर्थात सात आठे किती विचारून थांबण्यात अर्थ नाही, थांबायचं ते जिथे विचार लागतो तिथे. आणि अगदीच शांतता असेल तर आधी एक मिनिट वहीत लिहायला सांगा, शेजारच्याला दाखवायला सांगा, मग हात वर.

प्रश्न: वर्कशॉपमध्ये सांगितलं की बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून शिकणारी असे मुलांचे गट पाडून शिकवा. चाळीस मुलांना हे कसं जमवायचं?

नका जमवू. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरंय, पण त्या प्रकाराप्रमाणे शिकवलं की जास्त शिकतात याला नीट पुरावा मिळाला नाही, 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासून हेच लिहिलं. काय दाखवायचं आणि काय ऐकवायचं हे विषय ठरवतो. नकाशा सगळ्यांनीच बघायचा, उच्चार सगळ्यांनीच ऐकायचा. त्या गट पाडण्यात जाणारा वेळ वह्या वाचण्यात घालवा.

प्रश्न: दरवर्षी ट्रेनिंग होतं, त्या दिवशी भारी वाटतं, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जुन्याच पद्धतीने शिकवत असते. माझ्यातच जिद्द कमी आहे का?

जिद्दीचा काही संबंध नाही हो. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्ये मांडलं होतं की शिक्षक होण्याआधीच आपण विद्यार्थी म्हणून सुमारे 13,000 तास शिक्षकांना बघत बसलेलो असतो. ते अंगात इतकं मुरलेलं असतं की वर्ग जरा हाताबाहेर गेला की तोंडून आपल्याच जुन्या बाईंची वाक्यं निघतात, मी हे स्वतः अनुभवलंय. आता त्याच्यासमोर दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवून बघा.

जपानमध्ये शिक्षक 'जुग्यो केनक्यू' म्हणजे धड्याचा अभ्यास करतात, पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी. काही जण मिळून एकच पाठ तयार करतात, मुलं कुठे अडखळतील याचा आधीच अंदाज लिहून ठेवतात, मग एकजण तो वर्गात घेतो आणि बाकीचे मुलांजवळ उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात. नंतर बसून चर्चा, पाठात बदल, आणि बरेचदा दुसऱ्या वर्गात पुन्हा तोच पाठ. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पाठ फसला तर तो सगळ्यांचा फसतो, कारण तयार सगळ्यांनी केलेला असतो. तुम्हाला इतकं मोठं करायची गरज नाही. ट्रेनिंगमधली एकच गोष्ट उचला, त्याच ट्रेनिंगला आलेली एक मैत्रीण गाठा, दोघींनी तीन आठवडे तीच एक गोष्ट करायची आणि दर शनिवारी फोनवर बोलायचं, काय झालं, कुठे फसलं. बाकीच्या नऊ गोष्टी सोडून द्या, खुशाल.

प्रश्न: बावीस वर्षं शिकवतेय. आता काल आलेली पोरं मला 'नवीन पद्धती' सांगतात. माझ्या अनुभवाची काहीच किंमत नाही का?

आहे, आणि खूप आहे, पण ती तुमच्या डोक्यात बंद आहे ही अडचण आहे. ली शुलमन या अभ्यासकाने 1986 मध्ये एक फार मोलाची गोष्ट लिहिली, की विषयाचं ज्ञान वेगळं आणि शिकवण्याचं सर्वसाधारण कौशल्य वेगळं, आणि या दोन्हींशिवाय शिक्षकाकडे एक खास ज्ञान असतं. हा भाग मुलांना नेमका कुठे अडतो, कुठलं उदाहरण दिलं की सुटतो, कुठलं दिलं की गोंधळ वाढतो, ते. हे इंजिनिअरकडे नसतं, प्राध्यापकाकडे असेलच असं नाही, तुमच्याकडे बावीस वर्षांचं साठलंय. फक्त कोणी विचारलं नाही म्हणून तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि त्या नवीन पोरांना ते दिसणार कसं?

पुढच्या आठवड्यात जो धडा घेणार आहात त्यातला एक प्रश्न काढा. मुलं त्याची कुठली कुठली चुकीची उत्तरं देतील ते कागदावर लिहा, प्रत्येकासमोर मूल तसं का म्हणेल तेही. त्या काल आलेल्यांपैकी एकाला तोच प्रश्न द्या आणि त्यालाही लिहायला सांगा. मग दोघांनी मिळून तो तास घ्या, तुम्ही शिकवा, त्याने वह्या बघाव्यात, आणि तास संपल्यावर तुमचे दोन कागद आणि मुलांच्या वह्या घेऊन स्टाफरूममध्ये बसा. तुमच्या यादीत नसलेलं एखादं उत्तर वहीत सापडलंच तर ते मला नक्की लिहून पाठवा, मला ते वाचायचंय.