‘ब्रास’ला पितळी म्हणावे का?

परळच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. घरच्या कॉम्प्युटरवर ब्रास सेक्शन, म्हणजे ट्रम्पेट-ट्रम्बोनसारख्या फुंकवाद्यांचा ताफा, खरा वाटेल असा कसा करावा, यावर तो मराठीत टिपण लिहितोय. मथळा दिला ‘पितळी विभागाचे सुसंवादीकरण’, आणि मित्र हसले. तर ब्रास, हार्मनी (एका वेळी वाजणाऱ्या वेगवेगळ्या स्वरांची जुळणी) आणि अरेंज करणे (कुणी काय वाजवायचं ते ठरवणे) यांना मराठीत म्हणावं काय?

मित्रांना दोष देववत नाही. ‘पितळी’ म्हटलं की आजीची जेवायची पितळी आठवते, आणि ‘पितळी विभाग’ तांबाकाट्यावरच्या भांडीवाल्याकडे शोभेल. नुसतं ‘ब्रास’ ठेवलं तर बांधकामवाल्याच्या लेखी ती 100 घनफूट वाळू! तरीही मी ब्रासच ठेवीन, कारण इथे धातूचा संबंध नावापुरताच आहे. सॅक्सोफोन अख्खा पितळेचा, पण तो या कुळातला नाही; त्यात सनईसारखी पत्ती कंप पावते, म्हणून तो लाकडी फुंकवाद्यांच्या पंगतीला. ट्रम्पेट, ट्रम्बोनमध्ये वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. या न्यायाने देवघरातला शंख ब्रासचा सख्खा नातेवाईक ठरतो. (बँडवाले सॅक्सोफोनलाही सर्रास सेक्शनमध्येच धरतात, ते वेगळं.)

ट्रम्पेटला ‘तुतारी’ करू नका, हे जाता जाता. कूळ एक असलं तरी वाद्यं दोन. 2024च्या लोकसभा निवडणुकीत ‘ट्रम्पेट’ चिन्हाचं मराठी नाव ‘तुतारी’ लागलं आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी त्याचा केवढा घोळ झाला, ते आठवत असेलच.

‘सुसंवाद’ मात्र नुसता जड नाही, चुकीचा आहे. आपल्या शास्त्रात संवाद म्हणजे षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम असं ठरलेलं नातं. ब्रासची झणझणीत चव पुष्कळदा त्याच्या उलट ठिकाणाहून येते. पहिला ट्रम्पेट वर चाल धरतो, बाकीचे त्याच्याखाली एका सप्तकाच्या आत दाटीने बसतात, आणि त्या दाटीत शास्त्राने विवादी म्हटले असते असे शेजारचे स्वर मुद्दाम एकमेकांना घासतात. खाली ट्रम्बोनमध्ये तशीच दाटी केली की चिखल होतो, तिथे अंतर लागतं. ‘स्वरमेळ’ही सुचवतात, पण ‘मेल’ हा जुन्या ग्रंथांत रागांच्या थाटासाठीचा शब्द. मुंबईचे वादक सरळ ‘हार्मनी’ म्हणतात, ते बरं.

अरेंजरला आपल्याकडे ‘संगीत संयोजक’ म्हणतात. अनिल मोहिले यांच्या नावाआधी हाच शब्द येतो. श्रेयनामावलीत तो छान दिसतो. पण ‘मी ब्रासचं संयोजन करतोय’ असं स्टुडिओत कोण बोलणार? शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांकडे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट अशी गोव्याची मंडळी इथे काम करत होती, आणि ‘ऑब्लिगाटो’ (मुख्य चालीच्या जोडीने वाजणारी दुसरी सुरावट) यासारखे शब्द इथल्या मराठी साजिंद्यांच्याही तोंडी बसले. नामं परकी राहिली म्हणून बिघडलं नाही.

क्रियापद मात्र आपल्याकडे अस्सल आहे: ‘बसवणे’. चाल लावतो एक जण, गाणं बसवतात चार जण मिळून. नाटक बसवतात, भजन बसवतात, तशी हार्मनी बसवावी. या शब्दात समोर माणसं आहेत हे गृहीत आहे, आणि तुमच्या टिपणाचा विषय नेमका तोच आहे. कीबोर्डवर चार बोटांनी एक कॉर्ड दाबली की सगळे स्वर एका क्षणी सुरू होतात, एका क्षणी थांबतात, दम कुणीच घेत नाही. तो ऑर्गन झाला; तिथेच ब्रासचं पितळ उघडं पडतं! चौघांच्या ओळी वेगळ्या वाजवा, एखादा केसभर मागे राहू द्या, श्वासाला जागा सोडा, ट्रम्पेटला तासभर वरच्या सुरांत टांगून ठेवू नका, ओठ थकतात.

आणि पुढेमागे खरा वादक बोलावलात तर त्याचा कागद वेगळा लिहा. बी-फ्लॅट ट्रम्पेटवाल्यासमोर पांढरी एक लिहिली, तर ऐकू काळी पाच येते.

मथळा माझ्याकडून घ्या: ‘घरबसल्या ब्रास कसा बसवावा’. वाळूवाल्याचा फोन आला तर नम्रपणे नकार द्या.