सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये स्टॉल लावायचा आहे. चायनीज चालेल का? जागा कोणाकडे मागायची?

तुम्ही लिहिलंय की मुंबईची नोकरी सोडून कुडाळजवळ गावी आलात, हाताशी थोडं भांडवल आहे आणि या हंगामात जत्रांना चायनीजची गाडी लावायचा विचार आहे. आमचं खाज्याचं, म्हणजे आल्या-गुळाच्या पाकातल्या बेसनाच्या कडक शेवेचं, दुकान वडिलांपासून जत्रांना लागतं. त्या जोरावर सांगतो, पहिल्या वर्षी चायनीज नको. चव लोकांना आवडते, प्रश्न तो नाही. आपली जत्रा रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात असते, त्यात हा माल बसत नाही.

रात्र कशी सरकते ते आधी बघा. संध्याकाळी बायका ओटी भरायला येतात, तेव्हा नारळ, खण, फुलं खपतात. मग पोरांना घेऊन आलेली माणसं खेळणी आणि आइस्क्रीमपाशी थांबतात. उशिरा पालखी देवळाभोवती फिरते, त्यानंतर दशावताराचं नाटक उभं राहतं आणि थंडीत बसलेल्या प्रेक्षकांना चहा, भजी, ऑम्लेट हवं असतं. पहाटे दहीकाला झाला की सगळे उठतात. खाजा दोनदा खपतो: ओटी भरून घरी निघालेल्या कुटुंबांना आणि पहाटे. जत्रेला जाऊन रिकाम्या हाताने घरी कोणी जात नाही. "माका आल्याचा व्हया" (मला आल्याचा हवा) म्हणत म्हातारी माणसं नातवंडांसाठी पाव किलो बांधून घेतातच.

आता चायनीजचं बघा. कापलेल्या भाज्या, शिजवलेला भात, चिकन, यातलं पहाटे जे उरेल ते फेकायचं. शिवाय देवळाच्या आवारात चिकन बहुतेक गावांत चालणारच नाही. खाजा, खटखटे लाडू, चणे, शेंगदाणे उरले तर झाकून गाडीत घालायचे आणि पुढच्या गावी मांडायचे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा होते आणि त्या दिवसांपासून कार्तिक-मार्गशीर्षात गावोगावच्या जत्रा अशा लागून येतात की माल शिळा व्हायला वेळच मिळत नाही. या धंद्यात नफा म्हणजे न फेकलेला माल, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

खाजा स्वतः करायच्या भानगडीत लगेच पडू नका. बनवणाऱ्याकडून घाऊक घ्या, पण घेताना तोडून बघा. बेसनाची जाड शेव आतपर्यंत कडक तळलेली हवी, गुळाच्या पाकात आलं जाणवलं पाहिजे. मधे मऊ लागला तर घेऊ नका. मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि गूळ ओल धरतो, तेव्हा ढीग उघडा ठेवू नका. पुढे थोडा मांडा, बाकीचा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. वर ताडपत्री हवीच.

जागेसाठी गावातले मानकरी किंवा देवस्थान समिती, काही ठिकाणी ग्रामपंचायत. जत्रेच्या आधी दिवसाउजेडी जाऊन भेटा, देवीला नारळ ठेवा, भाडं विचारा, पावती घ्या. बऱ्याच जागा वर्षानुवर्षं त्याच दुकानदारांकडे असतात. कुणाच्या ठरलेल्या जागेवर बसू नका, पुढच्या गावी तीच माणसं शेजारी असणार आहेत. निवड करता आली तर देवळातून परतायच्या वाटेवर घ्या. जाताना हातात ओटीचं ताट असतं, थांबायला सवड नसते; येताना हात मोकळे असतात.

कागदपत्रं थोडी आहेत. अन्नसुरक्षेची लहान विक्रेत्याची नोंदणी करा, मी वर्षाचे १०० रुपये भरत आलोय. वजनकाट्यावर वैधमापनचा शिक्का असू द्या. सुटे पैसे भरपूर न्या, कारण गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि क्यूआर कोड नुसता टांगलेला राहतो.

पुढेमागे भजी-चहा सुरू केलात तर सिलिंडर लोकांच्या वाटेपासून लांब, मागच्या बाजूला उभा ठेवा. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. जवळजवळ ३०० भाविक गेले. दुकानामागून माणूस निसटू शकेल एवढी वाट मी तेव्हापासून सोडतो आणि शेजाऱ्यालाही सोडायला सांगतो.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या मोठ्या जत्रेत स्टॉल लावू का, असंही विचारलंत. भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, कौल घेऊन तारीख ठरते, त्यामुळे ती जाहीर झाली रे झाली की जागेसाठी हालचाल करावी लागते. लाखो माणसं येतात, पण भाडं, माल, हाताखालची माणसं सगळंच जास्त लागतं. यंदा तिथे गिऱ्हाईक म्हणून जा आणि रात्रभर फिरून कुठल्या दुकानापुढे किती वाजता गर्दी होते ते बघा. स्टॉल मात्र तुमच्या आजोळच्या किंवा बहिणीच्या गावच्या जत्रेत लावा. ओळखीची माणसं जागाही दाखवतील आणि खाजा मऊ असेल तर तोंडावर सांगतील.