कोडिक्कराईला रिंगिंगचा एक दिवस: पक्षी हातात मिळेल का?

तू विचारलंयस, जानेवारीत एक दिवस स्वयंसेवक म्हणून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोडिक्कराईला रिंगिंगला, म्हणजे पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची रिंग घालायच्या कामाला, जायचंय, तर पक्षी हातात मिळेल का आणि वडोदऱ्याहून निघताना काय तयारी करू. पहिल्याचं उत्तर आधी: जाळ्यातून काढायला बहुधा नाही मिळणार, सोडायला मिळेल. लिहायला मात्र भरपूर मिळेल, आणि खरं काम तेच.

मी तीन हिवाळे जाऊन आलेय. तिथला दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. चिखल्या, तुतवार, टिलवे या पाणथळीतल्या पक्ष्यांना उजेडात जाळं दिसतं, म्हणून मिठागराच्या कडेला बारीक नायलॉनची जाळी अंधारात लावतात. अमावास्येच्या आसपासच्या रात्री चांगल्या. चांदणं पडलं किंवा वारा सुटला की रिकाम्या हातानं परत. भरतीचं वेळापत्रक पाठ करत बसू नकोस. कंबोईचं स्तंभेश्वराचं मंदिर बुडवणारी भरती आपल्या खंभातच्या आखाताची, तिकडे पाणी मीटरभर चढलं तरी खूप. (येताना वाट वाकडी करून तंजावर बघ. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब तिथल्याच.)

दर वीस-तीस मिनिटांनी जाळ्यांची फेरी. पक्षी काढतात ते शिकलेले लोकच. तू विजेरी धरायची आणि पिशव्या पुरवायच्या. एका पिशवीत एकच पक्षी. लांब पायांचे पक्षी पिशवीत दुमडून फार वेळ ठेवले तर पाय आखडतात आणि सोडल्यावर उभं राहता येत नाही, म्हणून त्यांना उंच खोक्यात ठेवतात आणि त्यांचा नंबर आधी लावतात. हे कुणी सांगायची वाट बघू नकोस, ‘यात लंबूटांग आहे’ असं ओरडून सांग.

मग टेबल. आधी रिंग, मग पंख, चोच, वजन. उडण्याच्या दहा मोठ्या पिसांना एकेक करून गुण देतात: जुनं पीस शून्य, पूर्ण नवं पाच. छोटा टिलवा जेमतेम २५ ग्रॅमचा, पोह्याच्या मुठीएवढा, आणि आलेला असतो थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. पायातल्या ॲल्युमिनियमच्या रिंगवर क्रमांक आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा एवढाच मजकूर. सलीम अलींच्या पुढाकारानं १९५९ मध्ये हे काम सुरू झालं, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा होता; स्थलांतरित पक्षी रोग घेऊन येतात का, हे शोधायचं होतं.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी मला वहीवर बसवलं. मोजणारा इंग्रजीत ‘नाइंटी सेव्हन’ म्हणाला. माझ्या डोक्यात लगेच ‘सत्त्याण्णव’ झालं, आपण सात आधी म्हणतो, तो आधी कागदावर उतरला. ७९! एका टिलव्याचा पंख असा १८ मिलिमीटरनं कापला मी. प्रमुखांना आकडा खटकला आणि पक्षी अजून हातात होता, म्हणून निभावलं. रिंगच्या क्रमांकात हेच झालं असतं, तर तो पक्षी दुसरीकडे सापडूनही कुणाला ओळखू आला नसता. तेव्हापासून मी एकेक अंक सुटा मागते, ‘नाइन, सेव्हन’, आणि लिहिलेलं मोठ्यानं परत वाचते. कुणी वैतागलं तर वैतागू दे.

सामान थोडकं. मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला बांधायची विजेरी, मागं पट्टा असलेल्या चपला. मिठागराचं पाणी टाचेच्या भेगेत गेलं की रडू येतं. अंगठ्या, बांगड्या घरी ठेव, जाळ्यात अडकतात. हाताला मच्छरांचं क्रीम लावू नकोस, तेलकटपणा पिसांना लागतो. ठेपले आणि लीलो चेवडो जास्तीचा ने, दुसऱ्या फेरीनंतर सगळी टीम तुझ्या डब्याभोवती असेल. फोटोसाठी पक्षी मागू नकोस. ते परवानगी काढून चाललेलं काम आहे, सेल्फीचा स्टॉल नाही.

त्याआधी दोन रविवार डभोईपुढे वढवाणा तलावावर काढ. दुर्बिणीतून टिलवा आणि चिखल्या वेगळा ओळखता आला पाहिजे. आणि जेवताना घरातल्या कुणालाही इंग्रजीत फोन नंबर वाचायला सांग, दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं, भरभर. तू लिही. दहातले किती बरोबर आले ते इथे कळव.