नवीन अ‍ॅनिमे दर आठवड्याला बघावं की सीझन संपेपर्यंत थांबावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही इंजिनीअरिंगला आहात, कोल्हापुरात हॉस्टेलवर राहता, रूममेट अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, नवीन एपिसोड आला की त्याच रात्री बघतात. तुम्हाला मात्र सगळे एपिसोड हाताशी असले की मगच बसायला आवडतं. पण तोवर थांबलं तर इन्स्टाग्रामवर शेवट आधीच कळतो. मग नक्की करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. हे स्वतःच्या सवयीवर ठरवू नका, त्या त्या मालिकेवर ठरवा. काही मालिकांमध्ये दोन एपिसोडच्या मधला आठवडासुद्धा गोष्टीचा भाग असतो. तो काढून टाकला तर गोष्ट कळते, पण मुरत नाही. काही मालिकांमध्ये तोच आठवडा नुसता त्रास असतो.

आधी पहिल्या प्रकाराबद्दल सांगतो, कारण थांबणाऱ्यांच्या हातून नेमकं तेच निसटतं. 'फ्रिरेन' 29 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. पहिले चार एपिसोड एकाच रात्री दोन तासांचे म्हणून दाखवले आणि पुढे दर शुक्रवारी एक, असे मार्च 2024 पर्यंत एकूण 28. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडे रात्री अकराला लागणारी मालिका म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. सबटायटलसह यायला थोडा वेळ धरला तरी जेवणाच्या वेळेला एपिसोड हजर. अमेरिकेतल्या चाहत्यांसाठी तीच वेळ सकाळच्या कामाधामाची असते. या बाबतीत आपण खरंच नशीबवान आहोत.

आम्ही चौघं-पाच जण राजारामपुरीत एका मित्राच्या खोलीवर जमायचो. 'फ्रिरेन'च्या पहिल्याच एपिसोडमध्ये नायिका फ्रिरेन जुन्या सोबत्याच्या अंत्यविधीला उभी असते आणि तिला रडू फुटतं. दहा वर्षं एकत्र प्रवास केला, पण हा माणूस कसा होता हे जाणून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही, हे तिला तेव्हा उमगतं. त्या रात्री कुणी फारसं बोललं नाही. पुढच्या शुक्रवारी एपिसोड संपल्यावर चहाला गेलो, तेव्हा आमच्यातला एक जण एकदम म्हणाला, "आमचे आजोबा शाहू मिलमध्ये होते. पण मिलमध्ये नेमकं काय काम करायचे, हे मी कधी विचारलंच नाही रे." आजोबा त्याच वर्षी गेले होते. मग बाकीचे बोलायला लागले. कुणाची आजी, कुणाचे मामा. गाड्यावरचा चहावाला आवराआवर करायला लागला तरी आम्ही तिथंच.

ही मालिका मी नंतर दोन-तीन जणांना सलग बघताना पाहिली. आवडली त्यांनाही. पण एक एपिसोड संपतो आणि पाच सेकंदांत दुसरा सुरू होतो, तिथं आजोबा आठवायला जागा कुठं असते? 'फ्रिरेन'मध्ये बहुतेक वेळा एका एपिसोडला एखादी छोटी, आपल्यापुरती पूर्ण गोष्ट असते. अशा मालिका माझ्या मते आठवड्यालाच बघाव्यात, आणि एकट्यानं बघू नयेत.

दुसरा प्रकार धक्क्यांचा. 'जुजुत्सू कायसेन'चा दुसरा सीझन जुलै ते डिसेंबर 2023 मध्ये आला, 23 एपिसोडचा. त्यातला टोकियोच्या शिबुयात घडणारा भाग ज्यांनी चालू असताना बघितला, त्यांना गुरुवार म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. तुम्ही बघितला नसेल म्हणून कुणाचं काय होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की शुक्रवारी सकाळी फोन उघडला की सगळीकडे तेच चित्र असायचं. अशी मालिका थांबून बघायची तर पुढचे तीन महिने फोन बंद ठेवावा लागेल. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजीची फुटबॉल मॅच असली की स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून भागत नाही, गॅलरीत बसावं लागतं, तसंच हे.

पण इथंच थांबणाऱ्यांच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका एपिसोडमध्ये लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तिथल्या टीव्ही चॅनेलांनी असल्या दृश्यांवर कडक नियम लावले. म्हणून आजही जोरदार मारामारीच्या दृश्यात चित्र अचानक अंधुक होतं, हालचाल पुसट आणि दुहेरी दिसते. आपल्याला वाटतं नेट स्लो आहे किंवा मोबाइलचा ब्राइटनेस कमी झाला. तसं नसतं. टीव्हीसाठी अंधुक केलेलंच चित्र बऱ्याचदा स्ट्रीमिंगला येतं. शिबुयातल्या सगळ्यात मोठ्या लढाईला हाच फटका बसला होता. पुढं ब्लू-रे डिस्क निघते तेव्हा हा अंधुकपणा काढलेला असतो, आणि घाईत राहून गेलेली चित्रंही कधी कधी नव्यानं काढलेली असतात. तुम्ही अ‍ॅनिमेशनसाठीच अ‍ॅनिमे बघणारे असाल, एकेक कट थांबवून बघत असाल, तर थांबण्याला अर्थ आहे. पण ते थांबणं सीझन संपेपर्यंतचं नसून ब्लू-रेपर्यंतचं असतं, हे लक्षात घ्या.

"पूर्ण झाल्यावर बघतो" या वाक्यातली अडचणही हीच आहे. पूर्ण म्हणजे काय? एक सीझन साधारण 12-13 एपिसोडचा, तीन महिन्यांचा. तो संपला म्हणजे गोष्ट संपली असं नाही. 'अटॅक ऑन टायटन'चा पहिला सीझन एप्रिल 2013 मध्ये आला, दुसरा एप्रिल 2017 मध्ये. शेवटचा म्हणून जाहीर झालेला सीझन डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाला आणि तुकड्या-तुकड्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये संपला. गोष्ट संपण्याची वाट बघणारा माणूस दहावीत थांबायला लागला असता तर नोकरीला लागल्यावर बघायला बसला असता. कित्येक मालिका तर मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिकच्या, अर्ध्यावर थांबतात आणि पुढचा सीझन येतच नाही. म्हणून थांबायचंच असेल तर एका सीझनसाठी किंवा कथेतल्या एका मोठ्या भागासाठी थांबा, अख्ख्या गोष्टीसाठी नको.

'वन पीस' मात्र थांबून बघण्यासारखं. ऑक्टोबर 1999 पासून चालू आहे, अकराशेच्या वर एपिसोड झालेत. अ‍ॅनिमे मांगाच्या पुढं जाऊ नये म्हणून एकेका एपिसोडमध्ये गोष्ट अगदी थोडी सरकायची. मागच्या एपिसोडची उजळणी, लांबलेलं ओपनिंग, प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य. आठवडाभर थांबून एवढंच मिळालं की चिडचिड होते. तेच एखाद्या बेटावरची गोष्ट संपल्यावर सलग बघितलं तर झकास वाटतं. आता 2026 पासून त्यांनी वर्षाला जास्तीत जास्त 26 एपिसोड करायचं ठरवलंय, त्यामुळे हे गणित बदलेल. एका एपिसोडमध्ये पुरेसा ऐवज यायला लागला, तर मी स्वतः आठवड्याला बघायला तयार आहे.

निर्मितीची ओढाताण हेही थांबण्याचं एक कारण. 'झोम 100' जुलै 2023 मध्ये झोकात सुरू झाली, मध्येच वेळापत्रक कोलमडलं आणि शेवटचे तीन एपिसोड थेट डिसेंबरच्या अखेरीस आले. एखाद्या मालिकेचा चौथा-पाचवाच एपिसोड पुढं ढकलला गेला किंवा मध्येच उजळणीचा एपिसोड आला, तर मी ती तिथंच बाजूला ठेवतो आणि पूर्ण झाल्यावर बघतो. त्यात काम करणाऱ्यांचा दोष नसतो. ती माणसं रात्रंदिवस राबत असतात.

आता आपल्याकडच्या वेळापत्रकाचं. अ‍ॅनिमेचे सीझन जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला सुरू होतात. हे कोल्हापूरच्या वर्षाशी लावून बघा, निम्मे निर्णय तिथंच होतात. जानेवारीचा सीझन बारावीवाल्यांनी सरळ सोडून द्यावा. तो मार्चअखेर संपतो, तोवर परीक्षाही संपते. घरात धाकटा भाऊ-बहीण असेल तर त्यांच्यासाठी ठेवा आणि सुट्टीत सोबत बघा. हिंदी डबही बऱ्याचदा काही आठवड्यांनी येतं, तेही तोवर आलेलं असतं. तुमची सेमिस्टरची परीक्षा कुठल्या महिन्यात पडते तेही बघून ठेवा.

जुलैचा सीझन म्हणजे आपला पाऊस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सगळं लक्ष तिकडं असतं, 43 ला धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या पुरात काय झालं ते इथं राहिलेल्या कुणाला सांगायला नको. लाइट जाते, टॉवर बंद पडतात, आणि तेव्हा चार्जिंग घरच्यांना फोन करण्यासाठी राखून ठेवायचं असतं. म्हणून जुलैच्या मालिका मी आठवड्याच्या हिशोबानं धरतच नाही. चार-पाच एपिसोड साठले की वायफायवर डाउनलोड करून ठेवतो आणि एखाद्या पावसाळी रविवारी बघतो. ऑक्टोबरचा सीझन मात्र सोन्यासारखा. दसरा, दिवाळी, सुट्ट्या, सगळे मित्र गावी आलेले. आठवड्याला बघायचं तर तेव्हा.

पैशाचं थोडक्यात. अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल अ‍ॅपनं 2022 मध्ये भारतातला महिन्याचा दर ₹79 केला होता. सध्याचा अ‍ॅपवर बघून घ्या. थांबणारा एक महिना भरून अख्खा सीझन बघतो, आठवड्याला बघणाऱ्याला तीन महिने भरावे लागतात. तिघांनी मिळून एका लॅपटॉपवर बघितलं की तो प्रश्नही उरत नाही. म्यूजसारख्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर काही मालिका फुकट असतात, पण त्यातल्या काही ठरावीक काळच राहतात, तेव्हा तिथं जास्त थांबू नका. टेलिग्रामवरच्या चोरीच्या कॉप्या बघू नका. त्यांची सबटायटल अनेकदा इतकी वाईट असतात की संवादाचा अर्थच उलटा होतो.

नेटफ्लिक्सचं वेगळं. आठवड्याला की सगळं एकदम, ही निवड तिथं पूर्वी तेच करायचे. 'जोजो'चा 'स्टोन ओशन' भाग डिसेंबर 2021 मध्ये 12 एपिसोड एकदम टाकून आला. आमच्यातल्या एकानं एका रात्रीत संपवला, दुसरा महिन्यानं बघायला बसला, आणि दोघांना एकमेकांशी बोलताच येईना. एवढी गाजलेली मालिका, पण चर्चा आठवड्याभरात विरली. पुढं 'डांडाडान' आणि 'साकामोटो डेज' त्यांनीही आठवड्यालाच दाखवल्या, ते बरं झालं.

राहिले स्पॉयलर. यूट्यूबवर मालिकेचं नाव एकदा जरी सर्च केलं तरी थंबनेलमध्येच सगळं कळतं, म्हणून थांबलेल्या मालिकेचं नाव कुठंही टाइप करू नका. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेले शब्द घालता येतात. तिथं मालिकेचं आणि मुख्य पात्रांचं नाव टाका, इंग्रजीत आणि देवनागरीत दोन्ही. एपिसोडवरच्या कॉमेंट तर अजिबात वाचू नका, मांगा वाचलेले लोक तिथं पुढचं सांगून मोकळे होतात. आणि मित्रांना तोंडावर सांगा. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साधा नियम आहे: आधी एपिसोडचा आकडा लिहायचा, खाली बऱ्याच ओळी मोकळ्या सोडायच्या, मग बोलायचं, आणि फोटो टाकायचा नाही. नियम केल्यापासून कुणी मोडलेला नाही, कारण प्रत्येकाची कुठली ना कुठली मालिका बघायची राहिलेली असतेच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर रूममेट रोज शेजारी असताना सगळ्याच मालिकांसाठी थांबणं जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. प्रत्येक सीझनला एकच मालिका त्यांच्यासोबत आठवड्याला बघा, शक्यतो मूळ मांगा तुमच्यापैकी कुणीच वाचलेला नाही अशी. बाकीच्या सुट्टीसाठी ठेवा आणि कुठल्या ठेवल्यात ते त्यांना आधीच सांगून टाका. ऑक्टोबरला काय काय येणार ते सप्टेंबरपर्यंत जाहीर झालेलं असतं. त्या यादीतले दोन-तीन ट्रेलर रूमवर एकत्र बघा आणि त्यातली एक निवडा.