पैसे घेताना पिन कशाला?

प्रश्न : जुने कपाट विकण्यासाठी मी ऑनलाइन जाहिरात दिली. लष्करात असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांनी ते न पाहताच, घासाघीस न करता ८,००० रुपये कबूल केले आणि पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करण्यास सांगितले. काय करावे?

उत्तर : तो कोड स्कॅन करू नका. स्कॅन केल्यावर यूपीआयचा पिन मागितला जाईल; हा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. त्यामुळे तो टाकताच रक्कम तुमच्याच खात्यातून जाईल. आपल्याकडे भाजीसुद्धा निवडून घेतात, तेव्हा वस्तू न पाहणारा ग्राहक संशयास्पदच मानावा, मग त्याने लष्करी ओळखपत्राचे छायाचित्र का पाठवलेले असेना. पैसे आल्याची खात्री त्याच्या संदेशावरून नव्हे, स्वतःच्या खात्यात पाहूनच करावी. रक्कम गेलीच असल्यास विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.